सगळ्यांवर राज्य असलेला लपंडाव



लपंडावात एकावर राज्य येतं आणि बाकीचे लपतात. स्टेल्थ गेमने हा हिशेब उलटा केला. तिथे लपणारा एकटा, आणि राज्य उरलेल्या सगळ्यांवर. या उलटापालटीचं मूळ बरंचसं यंत्राच्या अडचणीत आहे. १९८७ साली हिदेओ कोजिमा ‘मेटल गिअर’ करत होते, तेव्हा एमएसएक्स-२ या संगणकाला पडद्यावर एका वेळी फार शत्रू आणि गोळ्या पेलवत नव्हत्या. म्हणून लढण्याऐवजी पहारा चुकवण्याचा खेळ निघाला. १९९८च्या ‘थीफ’ने त्यात उजेड-अंधार आणि पावलांचा आवाज आणला, आणि पडद्याच्या तळाशी एक रत्न ठेवलं. आपण किती दिसतो आहोत ते त्याच्या उजळण्यावरून कळायचं. न दिसलात तर जिंकलात, हे या प्रकाराचं व्याकरण तिथे पक्कं झालं. प्रसिद्धी आणि प्रतिमा यांवरचा विनोदी स्टेल्थ गेम करायचा तर हे व्याकरण बदलावं लागेल, असं माझं म्हणणं आहे. नटी अंधारात गेली की तिचा जीव वाचतो, पण धंदा बसतो.

मुंबईच्या विमानतळावर टोपी, मास्क आणि गॉगल लावून तोंड लपवत जाणारा नट आणि त्याच्यापुढे उलट्या पावलांनी धावणारे फोटोग्राफर हे दृश्य आपल्या परिचयाचं आहे. ते लपणंही नीट इस्त्री केलेलं असतं. ‘एअरपोर्ट लूक’ हा शब्द उगाच रुळलेला नाही. या माणसाला ओळखलं जाण्याची भीती वाटते आणि ओळखलं न जाण्याची त्याहून जास्त. म्हणजे गेममध्ये हरण्याच्या वाटा दोन हव्यात. २०१४ साली आलेल्या ‘किम कार्डाशियन: हॉलिवूड’मध्ये एकच होती. चाहते वाढवत ई-यादीतून ए-यादीपर्यंत चढत जायचं. प्रसिद्धी तिथे बँकेतल्या शिलकेसारखी साठते. पण आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. शिलकेला बिंग नसतं, आणि फुटायला बिंग नसेल तर विनोदाला जागा कुठे उरते?

मग लपायचं कुठे? लोकांच्या अपेक्षेत. हे उत्तर ‘हिटमॅन’ मालिकेने २००० सालापासून घासूनपुसून ठेवलं आहे. तिच्या २०१६च्या भागात पॅरिसच्या फॅशन शोमध्ये मारेकरी एका मॉडेलचा वेश घेऊन चक्क रॅम्पवर चालू शकतो. शेकडो डोळे त्याच्यावर असतात आणि तो अगदी सुरक्षित असतो, कारण रॅम्पवर मॉडेल चालणारच. त्याला धोका असतो तो ज्याचा वेश घेतला त्याच्या जवळच्या माणसांकडून. मात्र प्रसिद्ध माणसाला दुसऱ्याचे कपडे घालून भागत नाही; त्याला स्वतःचंच सोंग वठवायचं असतं. म्हणून मला २०१४चा ‘ऑक्टोडॅड’ जास्त जवळचा वाटतो. सूट घातलेला ऑक्टोपस कुटुंबवत्सल बाप म्हणून वावरतो. तो सगळ्यांना सतत दिसतो. लपलेली असते फक्त एक गोष्ट. समजा, आपली नायिका मालिकेतली सोशिक सून आहे आणि तिला मंडईत जाऊन भाजी आणायची आहे. कोथिंबिरीच्या जुडीवर तिने घासाघीस केली, की भाजीवालीच्या मनातली सून तडकते. ‘साधी, आपल्यातलीच’ अशी जाहिरात करणारा तिचा मॅनेजर मात्र खूश होतो. आणि व्हिडिओ काढणाऱ्या पोराला हवं असतं भांडण. कृती एक, पाहणारे तीन, आणि प्रत्येकाचा उजेड वेगळा.

यावर पहिला आक्षेप येईल तो सुबोधतेचा. इतक्या मनांचा हिशेब खेळणारा ठेवणार कसा? त्यापेक्षा लोकप्रियतेची एक पट्टी बरी. पण कोणाला काय ठाऊक आहे हे प्रेक्षकाला बिनचूक सांगून हशा मिळवणं आपल्या रंगभूमीला आणि सिनेमाला जुनं आहे. ‘तो मी नव्हेच’मध्ये लखोबाची सोंगं कोर्टात सिद्ध करावी लागतात, प्रेक्षक त्यांचा साक्षीदार असतो. ‘अशी ही बनवाबनवी’त घरमालकिणीला जे माहीत नाही तेच आपल्याला माहीत असतं. दोन्हीकडे प्रत्येक पात्राच्या डोक्यात एकच समजूत असते, आणि ती त्याच्या पहिल्या दोन वाक्यांत कळते. गेममध्येही तेच करावं. माणसं थोडी ठेवावीत, प्रत्येकाची समजूत एकच असावी, आणि ती आकड्याऐवजी त्याच्या बोलण्यातून, मान वळवण्यातून कळावी.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. स्टेल्थ गेम चुकत-माकत, पुन्हा पुन्हा खेळला जातो, आणि विनोद दुसऱ्यांदा ऐकला की शिळा होतो. पकडलं गेलं की मागच्या टप्प्यावर परत, हा नियम विनोदाचा गळा घोटतो, हे मला मान्य आहे. म्हणून तो नियमच सोडावा. मेलबर्नच्या चमूने २०१९ साली आणलेल्या ‘अनटायटल्ड गूज गेम’मध्ये हंसाला माळ्याने पकडलं तर खेळ संपत नाही, तो चोरलेली वस्तू हिसकावतो, हंसाला हुसकावतो, आणि भांडण पुढे चालू राहतं. चूक ही पुढच्या प्रसंगाची सामग्री होते. आपल्या सुनेचं बिंग भाजीवालीपुढे फुटलं, तर ती बातमी शेजारच्या गाळ्यावर तिखटमीठ लावून पोचावी, आणि आता तिथे तिला नव्या, आणखी विचित्र प्रतिमेला जागावं लागावं. असा खेळ मागे नेऊन पुन्हा सुरू करण्याची इच्छाच होणार नाही. त्यासाठी संवाद बरेच लिहावे लागतील, आणि खर्चाचा मुद्दा इथे खरा आहे. तो मी लपवत नाही.

उरला खऱ्या व्यक्तींचा प्रश्न. ‘जीटीए ५’मध्ये फोटोग्राफरांपासून पळणारी लेसी जोनास आपल्यावरूनच बेतली, असा दावा लिंडसे लोहानने केला होता. २०१८ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने तो फेटाळला: संगणकीय पात्रही चित्र ठरू शकतं, पण हे एका विशिष्ट व्यक्तीचं नव्हे. आपल्याकडे २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज आणि ‘झकास’ यांच्या गैरवापराला अंतरिम मनाई केली. तेव्हा नमुना घ्यावा, माणूस घेऊ नये. विनोदालाही नमुनाच लागतो. चाहत्यांची टवाळी होईल, ही भीतीही मला पटत नाही, कारण या गेममध्ये सगळ्यांत जास्त धडपडते ती नायिकाच. माझ्यापुढे अडलेला प्रश्न वेगळा आहे. मंडईबाहेरच्या चहावाल्याने मालिका कधी पाहिलेलीच नाही. तो तिला फक्त सुटे पैसे मागतो. तो क्षण विसाव्याचा धरायचा की हरण्याचा? दोन्ही आवृत्त्या करून खेळून पाहिल्याशिवाय ते ठरणार नाही.