परत आलेल्या फोटोची किंमत
(पिंपरी येथील छायाचित्रकारांच्या वार्षिक मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने सगळ्यांचे आभार मानावेत, चार गोड शब्द बोलावेत आणि खाली बसावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. आभार मी मनापासून मानतो. गोड बोलणं मात्र आज जमणार नाही. सकाळच्या परिसंवादात एका तरुण मित्राने ठणकावून सांगितलं, ‘फोटोग्राफीची मासिकं बंद पडली म्हणून गळे काढू नका, आता सगळं मोबाइलवर फुकट मिळतं.’ सभागृहात कडाडून टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांशी भांडायचं आहे.

माहिती फुकट झाली, हे शंभर टक्के खरं. पण मासिक म्हणजे नुसती माहिती होती, हे साफ खोटं. मासिकात एक माणूस बसलेला असायचा. तो तुमचा फोटो बघायचा, नाकारायचा, का नाकारला ते सांगायचा आणि जे छापलं त्याखाली स्वतःच्या नावाने उभा राहायचा. गेला आहे तो हा संपादक. आणि त्याच्या जागी कुणी आलेलं नाही.

जरा मागे जाऊ. मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ निघाली १८५४ साली. लगेच १८५५ मध्ये तिचं स्वतःचं नियतकालिक सुरू झालं. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या संस्थेत होते. म्हणजे आपल्या मुलखात कॅमेरा रुळतोय न रुळतोय तोच त्याच्यासोबत छापील पान आलं. काम करायचं, ते चारचौघांपुढे मांडायचं, त्यावर वाद घालायचा आणि तो वाद छापून ठेवायचा, हे त्या लोकांना पहिल्या वर्षीच कळलं होतं. आपल्याला पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा सांगावं लागतंय.

दुसरं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला, गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवून बघितलेला हा त्र्यंबकेश्वरचा माणूस. सिनेमा करायचं डोक्यात घेतलं तेव्हा त्यांच्या हाताशी होतं काय? काही पुस्तकं आणि लंडनहून येणारं ‘बायोस्कोप’ नावाचं साप्ताहिक. त्याचे ते वर्गणीदार होते. १९१२ साली ते लंडनला गेले आणि थेट त्या साप्ताहिकाच्या कचेरीत शिरले. संपादकाने आधी त्यांना सावध केलं, ‘या धंद्यात पडू नका.’ माणूस ऐकत नाही म्हटल्यावर त्यानेच चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओपर्यंत त्यांना पोचवलं. फाळके कॅमेरा घेऊन परतले आणि १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

भारतीय चित्रपटाचा पाया एका वर्गणीदाराने घातला आहे, मित्रहो. वर्गणीदार होता म्हणून त्याला पत्ता माहीत होता, आणि त्या पत्त्यावर दार उघडणारा संपादक होता. आज तुम्ही ज्या चॅनेलवर शिकता त्याचा पत्ता सांगा. तुमचं काम घेऊन कुणाच्या टेबलापुढे उभे राहाल?

आता मासिकं मेली कशी ते बघू, कारण इथेही भाबडेपणा नको. अमेरिकेतलं ‘पॉप्युलर फोटोग्राफी’ १९३७ साली निघालं आणि २०१७ मध्ये त्याचा छापील अंक थांबला. ऐंशी वर्षं. आमच्या पिढीला त्याचे जुने अंक मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर आणि पुण्यात रद्दीवाल्यांकडे मिळत. १९९७ पासून मुंबईहून ‘बेटर फोटोग्राफी’ निघू लागलं तेव्हा आपल्या देशातले फोटो, आपल्या देशातले भाव आणि आपला उजेड प्रथमच इतक्या सातत्याने पानावर दिसला. पण या सगळ्या मासिकांचा संसार वर्गणीवर चालत नव्हता, तो कॅमेऱ्याच्या जाहिरातींवर चालत होता. जपानी कंपन्यांनी २०१० साली मिळून सुमारे १२ कोटी कॅमेरे बाजारात पाठवले. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. फोनने कॅमेरा खाल्ला, कॅमेऱ्याबरोबर जाहिरात गेली, जाहिरातीबरोबर पान गेलं. वाचक कमी पडला हे अर्धं सत्य आहे. वाचकाने किंमत कधी मोजलीच नव्हती, हे उरलेलं अर्धं.

या मासिकांचे दोषही मी झाकणार नाही. ती इंग्रजीत होती. आयटीआय करून भोसरीच्या शेडमध्ये लागलेल्या मुलाला ती परकी वाटायची. जाहिरातदाराच्या लेन्सवर टीका करताना त्यांची लेखणी अडखळायची. मुंबई-दिल्लीबाहेरचं नाव क्वचितच झळकायचं. फोनने ही दारं उघडली. आज चाकणच्या कांदा बाजारातल्या हमालाचा मुलगा फुकटात एक्स्पोजर शिकू शकतो. याचा मला आनंद आहे आणि कुणी त्याला नावं ठेवली तर मी त्या मुलाच्या बाजूने उभा राहीन.

पण तो शिकतो काय, हे तरी तपासाल? एक रोजचं उदाहरण घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. शेडमधली ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही, सेन्सरला कळतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिथला शिक्षक व्हिडिओसाठी शटर १/६० वर ठेवायला सांगतो आणि त्याच्या जागी तो बरोबरच असतो. आपला पोरगा तेच चाकणच्या असेंब्ली लाइनवर करतो आणि अख्ख्या फिल्ममध्ये काळे पट्टे सरकताना दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० केलं की पट्टे जातात. एवढीशी गोष्ट! पण कामगार, मॅनेजर, बंद करून ठेवलेली लाइन, सगळं पुन्हा जमवायला कंपनी दुसरा दिवस देत नाही. त्या पोराचं पेमेंट अडकतं. ज्याने शिकवलं त्याला चाकण नावाचं गाव आहे हेही ठाऊक नसतं.

हळदीचा कार्यक्रम घ्या. भर दुपारचं ऊन, पिवळे कपडे, पिवळा मांडव आणि अंगभर ओली हळद. कॅमेऱ्याचा एकत्रित हिस्टोग्राम ठीक दिसतो, पण लाल चॅनेल कधीच फुटलेला असतो आणि नवरीच्या गालावरचा सगळा तपशील सपाट पिवळा होऊन जातो. त्यावर परदेशातून विकत घेतलेला प्रीसेट चढवला की हळदीची माती होते आणि आपली सावळी कातडी नारिंगी दिसू लागते. एक्स्पोजर किती खाली घ्यायचं, सावली कुठे शोधायची, हे आपल्यातल्या जुन्या लग्नवाल्या फोटोग्राफरांना तोंडपाठ आहे. ते ज्ञान लिहिलं कुणी? कुणीच नाही. ते असिस्टंटच्या कानात सांगितलं जातं, आणि बऱ्याचदा तेही नाही, कारण उद्या हाच पोरगा आपला धंदा खाईल अशी भीती.

म्हणजे आज आपले तरुण तीन ठिकाणी शिकतात. एक, पडद्यावर. तिथे काय पुढे ढकलायचं हे ठरवणारं यंत्र प्रेक्षकाने किती वेळ थांबावं एवढंच मोजतं, फोटो चांगला की वाईट हे त्याच्या हिशेबातच नसतं. दोन, कॅमेरा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. तिथे शिकवणाऱ्याच्या शर्टावरच विक्रीचं चिन्ह असतं. आणि तीन, लग्नाच्या हंगामात सीनियरच्या मागे लाइट धरून. यातली तिसरी शाळा खरी आहे, पण ती मुकी आहे. तिला लिहायला लावणं हे आपलं काम आहे.

माझ्याकडे एक आठ-बाय-बाराचा कृष्णधवल प्रिंट आहे. कारखान्याच्या प्रेस शॉपमधला. मासिकाकडून तो साभार परत आला तेव्हा संपादकाने वर ट्रेसिंग पेपर लावला होता, त्यावर पेन्सिलने एक उभी रेघ मारली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘डावीकडचा भाग काढा. मग माणूस दिसेल.’ मी रेघेवर पुठ्ठा धरला आणि खरोखरच माणूस दिसला. एका रेघेत जे शिकायला मिळालं ते मला हजार लाइक्सनी दिलं नसतं. लाइक कधी नाही म्हणत नाही, आणि ज्याला नाही म्हणणारं कुणी नाही तो कलावंत वाढत नाही.

आता आपल्या शहराकडे वळतो, कारण माझा खरा संताप इथे आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागून मोटारी, स्कूटर आणि सुट्या भागांचे कारखाने आले, १९८२ साली महानगरपालिका झाली. गावं शहर झाली, शेतकरी कामगार झाला, बीड-लातूर-सोलापूरहून माणसं आली, मग बिहार-ओडिशाहून आली. या सगळ्याचं चित्ररूप दप्तर कुठे आहे? मित्तर बेदींनी नव्या भारताचे कारखाने असे टिपले की पोलादाला चेहरा आला. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं, संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर फिरून ग्रंथ उभा केला. आपल्या पट्ट्याचा असा ग्रंथ कुठे आहे?

कारखान्याच्या गेटवर आज पहारेकरी फोनच्या लेन्सवर स्टिकर चिकटवतो. डिझाइनची गुपितं जपायची म्हणून ते मी समजू शकतो. पण गेटबाहेर तर स्टिकर नाही ना? शिफ्ट सुटल्यावरची बस, भाड्याच्या खोलीतल्या सहा खाटा, कंत्राटी मुलीचा डबा, आकुर्डीत तुकोबांच्या पालखीचा मुक्काम पडतो त्या रात्री वारकऱ्यांचे पाय दाबणारा कामगार, हे टिपायला कुणाची परवानगी लागते? आपण मात्र सगळे वारीत दिवे घाटात एकाच वळणावर, एकाच लेन्सने, एकच फोटो काढायला जातो, कारण गेल्या वर्षी तो ‘चालला’ होता. विषय देणारा, पाठीमागे लागणारा, ‘हे झालं, दुसरं आण’ म्हणणारा संपादक नसला की हेच होणार.

म्हणून मी आरोप करतो, आणि नावनिशीवार करतो. दिवाळी अंकांच्या संपादकांनो, तुम्ही कथेला मानधन देता, कवितेला देता, पण फोटो इंटरनेटवरून उचलता आणि खाली नावही छापत नाही. उद्योजकांनो, तुमच्या वार्षिक अहवालात यंत्रांचे चकचकीत फोटो असतात, यंत्र चालवणारा नसतो. महापालिकेच्या कारभाऱ्यांनो, २०१६ मध्ये याच पिंपरीत ८९ वं साहित्य संमेलन थाटात भरलं, शब्दांसाठी मांडव पडले. या शहराच्या छायाचित्रांसाठी एक कपाट तरी द्या. आणि मित्रहो, आपण. लाख-दीड लाखाची बॉडी हप्त्यावर घेतो आणि पुस्तकाला पाचशे रुपये काढताना हात आखडतो.

मासिक या पट्ट्यात निघू शकत नाही असं कुणी म्हणेल, तर त्याने किर्लोस्करवाडी आठवावी. नांगर बनवणाऱ्या कारखान्याच्या आवारातून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. सुरुवातीला ते कारखान्याचं खबरपत्र होतं. पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ झालं आणि त्याने मराठी मध्यमवर्गाला विचार करायला शिकवलं. लोखंडाच्या शेजारी अक्षर वाढू शकतं, हे महाराष्ट्राने करून दाखवलेलं आहे.

तेव्हा या व्यासपीठावरून मी प्रस्ताव मांडतो. मराठीत, छापील, फक्त छायाचित्रणाचं एक त्रैमासिक आपण काढायचं. वर्गणीवर चालेल तेवढीच पानं, कॅमेऱ्याची एकही जाहिरात नाही. प्रत्येक अंकात आपल्या पट्ट्यावरचा एक दीर्घ चित्रनिबंध. प्रत्येक अंकात इथल्या उजेडाचं, इथल्या विजेचं, इथल्या लग्नाचं तांत्रिक ज्ञान, इथल्याच सीनियरने सही करून लिहिलेलं. आणि आलेला प्रत्येक फोटो बघून, नाकारला तर कारण लिहून परत. त्या कारणाखाली संपादकाचं नाव.

इंटरनेट वापराच, मीही वापरतो. अंक तिथेही टाका. पण आधी तो कागदावर निघू द्या, कारण कागदावर जागा मोजकी असते आणि मोजक्या जागेतच निवड करावी लागते.

आज दारात वर्गणीची वही ठेवली आहे. पहिली सही माझी आहे. सकाळी ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी दुसरी करावी. पटत नसेल तर तो विरोध लेखी द्यावा, सविस्तर द्यावा. पहिल्या अंकात तो जसाच्या तसा छापू आणि त्याच्या शेजारच्या पानावर उत्तर देऊ.