बालभाव आणि बालिशपणा

आपल्यांत थोर कोण, असा वाद येशूच्या शिष्यांमध्ये एकदा उपस्थित झाला. कफर्णहूम गावी घडलेली ही गोष्ट. येशूने एका लहान मुलाला बोलावून त्यांच्या मध्ये उभे केले आणि असे झाल्यावाचून स्वर्गाच्या राज्यात प्रवेश नाही, हे त्यांना सांगितले.

या प्रसंगाचा अर्थ आपण फार गोड करून ठेवला आहे. मूल म्हणजे निरागसता, असे आपण म्हणतो. पण ज्यांनी घरात मुले वाढविली आहेत, त्यांना मुलांचा हट्ट, रुसवे आणि आपली खोडी भावंडावर ढकलण्याची हातोटी चांगली ठाऊक असते! येशूच्या दृष्टीपुढे दुसरेच काही असावे. त्या काळी मुलाला समाजात ना मान होता ना अधिकार. जे मिळावयाचे ते दुसऱ्याच्या हातून. थोरपणाचा दावा सांगणाऱ्यांपुढे, ज्याचा कसलाच दावा नाही असा जीव त्याने उभा केला.

आपल्याकडील भक्तिशास्त्रात मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन दृष्टान्त आहेत. माकडाचे पिल्लू आईला घट्ट बिलगते. मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. ख्रिस्ती बालभाव या दुसऱ्या पिल्लाच्या जवळचा आहे. मात्र ज्याला उचलून घेतले, त्याने पुढे इतरांना उचलावे, ही अपेक्षा त्यात आहे.

मग बुद्धीला रजा द्यावयाची काय? मुळीच नाही. वाइटाच्या बाबतीत तान्हे राहावे, विचारांत मात्र प्रौढ व्हावे, असा विवेक पौलाने करिंथच्या मंडळीला शिकविला. तो विवेक पाहावयाचा असेल तर पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहावे.

कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तेथील धर्मगुरूंचे आणि भगिनींचे म्हणणे त्यांनी मुकाट्याने मानले नाही; आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांनी कोणाच्या स्वाधीन केली नाही. देवापुढे लेकरू होणे म्हणजे माणसांपुढे मान तुकविणे नव्हे. शिवाय, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त आपल्याला गवसला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगल्याचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. विद्वत्तेने त्यांना दारापर्यंत आणले. आत जाण्यासाठी रिकाम्या हातांनी उभे राहावे लागले.

त्या रिकाम्या हातांनी किती भार उचलला! १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली त्यांनी आणल्या आणि पुण्याजवळ केडगावी ‘मुक्ती’ उभी राहिली. लहानपणी दुष्काळात आईवडील गमावलेल्या या बाईला भुकेचा अर्थ समजावून द्यावा लागत नव्हता. पुढे हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करताना, या संस्कृत पंडितेने अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी साधी भाषा निवडली. ते संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. पांडित्याने लेकरांसाठी खाली बसावे, यापरते बालभावाचे सुंदर रूप कोणते?

आता एक कठीण प्रश्न उरतो. लेकराने मागितले आणि बापाने दिले नाही तर? रमाबाईंनी भाऊ गमावला, लग्नानंतर दोन वर्षेही झाली नाहीत तोच पती गमावला आणि १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमाही गमावली. बालिश श्रद्धा येथे मोडते; कारण ती देवावर नसते, मागितलेल्या वस्तूवर असते.

गेथशेमाने बागेत येशूनेही मागितले होते. दुःखाचा प्याला टळावा म्हणून त्याने ‘अब्बा’ अशी हाक मारली. आपल्या ‘बाबा’ या शब्दासारखाच तो घरगुती अरामी शब्द. प्याला टळला नाही. तरीही त्याने ती हाक मागे घेतली नाही आणि पित्याच्या इच्छेपुढे आपली इच्छा ठेवली.

बालभावाची कसोटी हीच. मुलाला अंधाराचे भय वाटते, ते रडते, जाबही विचारते. पण हे सारे ते बापाचा हात धरूनच करते. आपल्या शंका आणि आपले अश्रू दाराबाहेर ठेवून देवापाशी जाण्याचे कारण नाही. ते घेऊनच जावे. बाहेर ठेवावयाचा तो केवळ आपला थोरपणा.