शेजारच्या चुलीपाशी



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर, मुक्तिसंग्रामावर, नाट्यसंगीतावर विद्वानांची भाषणे झाली आहेत. त्या व्यासपीठावरून मी स्वयंपाकावर बोलणार आहे. साहित्याच्या मंडळाला चुलीशी काय करायचे, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर मी पुढे देईन. आधी विषय नेमका सांगते. दुसऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्या चुलीपाशी बसून, त्याचा पदार्थ आपल्या हातांनी शिकणे, हा माझा विषय आहे.

याला हल्ली जगभर मागणी आहे. आपल्याकडची तरुण मंडळी बालीला फिरायला जातात. तिथे देवळे आणि समुद्र पाहून झाले की एक सकाळ ती एखाद्या गावातल्या घरी स्वयंपाक शिकायला जातात. माझी भाची अशीच जाऊन आली. यजमानीण पाहुण्यांना आधी पहाटेच्या बाजारात नेते. तिथल्या घरांत स्वयंपाक बहुधा सकाळी एकदाच होतो आणि दिवसभर तोच खाल्ला जातो, म्हणून बाजारही पहाटेच भरतो. मग घरी येऊन वाटण. त्याला ते ‘बासा गनॅप’ म्हणतात, म्हणजे पूर्ण मसाला. छोटे कांदे, लसूण, आले, त्याच्याच कुळातली दोन-तीन मुळे, ओली हळद, मिरची, गवती चहाचे दांडे, धने, मिरे असे सगळे त्यात येते. स्वयंपाक झाला की लगेच कोणी जेवत नाही. केळीच्या पानाच्या छोट्या तुकड्यांवर भाताची शिते ठेवून ती चुलीपाशी, पाण्यापाशी, दाराशी ठेवतात. भाची म्हणाली, “आत्या, मला आजोबांच्या चित्राहुती आठवल्या.”

पुढे तिने जे विचारले त्यामुळे मी आज इथे उभी आहे. ती म्हणाली, “समुद्र ओलांडून मी परक्या बाईकडून वाटण शिकले. आपल्या भिंतीला भिंत लागून तेलुगू घर आहे. त्यांच्याकडे जाऊन तू काय शिकलीस?”

हा प्रश्न आपण सर्वांनी स्वतःला विचारावा असा आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज मराठवाड्यातून मनमाडच्या गाडीने इथे आले. कोणी निजामाच्या नोकरीत, कोणी वकिलीत, कोणी शाळेत. काचीगुड्याचे स्टेशन 1916 सालचे. आपली कितीतरी घराणी या शहरात त्याच्याही आधीपासून आहेत. 1956 मध्ये मराठवाडा वेगळा झाला तरी आपण इथेच राहिलो. एवढ्या काळात शेजारच्या घरांतून आपल्याकडे काय आले नाही? पुलिहोरा आला, गारेलु आले, खट्टी दाळ आणि बघारे बैंगन आले. पण हे सारे आले ते तयार होऊन, झाकलेल्या डब्यातून, उंबरठ्यापर्यंत. पदार्थ आला, करणारी आली नाही. आपणही तिच्याकडे आत गेलो नाही.

कारण आपल्याला ठाऊक आहे, फक्त आपण ते सभेत बोलत नाही. आपल्या कित्येक घरांत सोवळे होते. स्वयंपाकघर ही घरातली सर्वांत बंद जागा होती. शेजारणीशी जन्माचा जिव्हाळा असला तरी तिची बैठक ओसरीवर. तिच्या घरचे खायचे की नाही, काय खायचे, कोणी खायचे, याचे नियम होते. त्यांच्याकडेही असे नियम होतेच. मी कोणाच्या आजीला दोष देत नाही. पण शंभर वर्षे शेजारी राहून आपण एकमेकांच्या चुलीपासून दहा हात दूर राहिलो, हे खरे आहे.

आणि या दोन चुली एकमेकींच्या किती जवळच्या आहेत, ते पाहा. आपली अंबाडी तीच त्यांची पुंटिकूर, आंध्रात जिला गोंगुरा म्हणतात. आपण ती डाळ-कण्या घालून शिजवतो आणि वरून लसणीची फोडणी ओततो. तेलंगणात तिचे पप्पु करतात. आपली ज्वारीची भाकरी तीच त्यांची जोन्न रोट्टे. आपली पुरणाची पोळी इथल्या खेड्यांत पोलेलु किंवा भक्षालु होते. त्यांची सर्वपिंडी आपल्या थालीपिठाची सख्खी बहीण आहे. पीठ तांदळाचे, त्यात हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, तीळ. ते भांड्याच्या तळाशी थापायचे आणि बोटाने भोके पाडून त्यांत तेल सोडायचे. पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात. आपण कडुलिंबाची पाने गूळ-ओव्याबरोबर वाटतो, ते कडुलिंबाचा फुलोरा चिंच, गूळ आणि कैरीबरोबर कालवतात.

हे नाते आजचे नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. 1956 पर्यंत तेही आपल्याच हैदराबाद राज्यात होते. त्या ग्रंथात राजाच्या जेवणाचे सविस्तर वर्णन आहे. उडदाची इडरिका आहे, आपल्या मांड्यांचा पूर्वज मंडक आहे. आणि त्याच ग्रंथात गायनाच्या प्रकरणात मराठी पदांचे फार जुने नमुने सापडतात. मराठी पद आणि इडलीची पूर्वजा एकाच पोथीत नांदतात, याहून आपल्या मंडळाला आणखी काय पुरावा हवा?

आता शिकण्याविषयी. भाचीच्या प्रश्नानंतर त्या संक्रांतीला मी शेजारी गेले आणि सकिनालु शिकवा म्हणाले. शेजारीण मला वदिना म्हणते. आपल्या वहिनी शब्दाला हा शब्द किती जवळचा वाटतो, हे तिच्या चुलीपाशी बसल्यावरच माझ्या कानाला जाणवले. तिने मला पाट दिला आणि कामाला लावले.

सकिनालु म्हणजे तांदळाच्या पिठाची, वेढ्यावेढ्यांची पांढरी कडी. साहित्य म्हणाल तर चार जिन्नस: तांदूळ, तीळ, ओवा, मीठ. तांदूळ भिजवून, निथळून, ओलसर असतानाच दळायचे, अनारशाच्या पिठासारखे. त्यात तीळ, ओवा, मीठ आणि लागेल तसे पाणी. मग पिठाचा गोळा हातात घेऊन, बोटांत पीळ देत देत, स्वच्छ कापडावर गोल वेढे घालत जायचे. एकात एक तीन-चार वेढे. थोडे सुकले की उलथन्याने अलगद उचलून तळायचे. रंग पांढराच राहिला पाहिजे. न सुकता उचलले तर वेढे तुटतात. पीठ कोरडे असेल तर पीळ देतानाच चिरते. कडबोळी वळणाऱ्या हाताला निम्मे येते, उरलेले निम्मे मात्र शेजारी बसूनच येते. कारण माझ्या वदिनेचे शिकवणे एका शब्दाचे होते: “इट्ला.” म्हणजे असे. ती बोटे फिरवी आणि म्हणे, इट्ला. माझी बोटे धरून फिरवी आणि म्हणे, इट्ला. हा शब्द पुस्तकात छापता येत नाही.

पुस्तकांविषयी माझ्या मनात कमीपणा नाही. मराठीत ‘सूपशास्त्र’ 1875 मध्ये छापले गेले. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910 चे. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 मध्ये आली, आणि वाटी-चमच्याच्या मापाने तिने दूर देशी गेलेल्या मुलींना सासूबाईंची उणीव भासू दिली नाही. पण कमलाबाई स्वतः शिकल्या त्या सासूबाईंच्या हाताखाली. म्हणजे त्या वाटी-चमच्याच्या मागेही एक इट्ला होताच.

आता साहित्य मंडळाचा आणि चुलीचा संबंध. तो शब्दांचा आहे. आधणात तांदूळ वैरायचे, कणीक तिंबायची, भाजी परतायची, लोणचे मुरू द्यायचे, पिठले रटरटू द्यायचे, भाकरी खरपूस भाजायची. ही क्रियापदे आपली नातवंडे कुठे ऐकतील? 2018 च्या कायद्याने तेलंगणातल्या शाळांत तेलुगू सक्तीची झाली, आणि ते योग्यच आहे. ज्या राज्यात राहायचे त्याची भाषा आली पाहिजे. पण त्यामुळे मुलांची मराठी बव्हंशी घरापुरती उरली, आणि घरात ती सर्वांत जास्त बोलली जाते ती स्वयंपाकघरात. तिथे आता डबा बाहेरून येऊ लागला. सकिनालु स्वगृहाच्या दुकानातून, चकल्याही तिथूनच. चकली विकत आणली की चकली मिळते. ‘मोहन’ हा शब्द मिळत नाही.

दुसऱ्याच्या चुलीपाशी बसले की स्वतःचे शब्दही नव्याने दिसतात. वदिनेकडे चिटिकेडु म्हणजे चिमूटभर, पिडिकेडु म्हणजे मूठभर, दोसेडु म्हणजे ओंजळभर. मापे हाताचीच, दोन्ही घरांत सारखी. मी प्रत्येक शब्दाला आपला प्रतिशब्द सांगे आणि तिची सून तो म्हणून पाही. गंमतही होते. तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. पुण्याहून नवी आलेली आमची एक सून त्या दिवशी पाणी ओतत होती. वदिना म्हणाली, “चालु, चालु!” सुनेला वाटले, चालू दे म्हणतात. पीठ खिरीसारखे झाले. सगळ्या इतक्या हसलो की पुन्हा तांदूळ दळून आणायला जायचा कोणाला रागही आला नाही.

इथे राहून इतकी वर्षे झाली, आपण या शहराचे पाहुणे नाही. पण शेजारच्या घरात पाहुणा होता येणे, ही वेगळी गोष्ट आहे. पाहुण्याला हात पुढे करावा लागतो, आपल्याला येत नाही असे म्हणावे लागते. आणि जो कधी कोणाच्या घरी शिकायला गेला नाही, त्याला आपल्या घरी शिकवताही येत नाही. आपण मराठी पदार्थांचे स्टॉल मांडतो आणि लोक आवडीने खातात. तेही डबा उंबरठ्यावर ठेवण्यासारखेच झाले.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवते. वर्षातून दोन दिवस ठरवावेत. संक्रांतीआधी एखाद्या तेलुगू घरी आपण सकिनालु शिकायला जावे. दिवाळीआधी त्या घरच्यांनी आपल्याकडे कडबोळी आणि अनारसे शिकायला यावे. एका घरी सहाहून जास्त माणसे नकोत, कारण जास्त झाली की उरलेली नुसती पाहत बसतात. बायकांबरोबर मुलगे आणि जावईही असावेत. सकाळी बडी चावडीच्या बाजारातून सुरुवात करावी, भाज्यांची नावे दोन्ही भाषांत विचारत. यजमानाने आपल्या भाषेत बोलावे, पाहुण्यांनी समजून घ्यावे. हातात फोन नको, पीठ हवे. आणि घरी गेल्यावर ज्याने त्याने आपण काय केले ते मराठीत पानभर लिहून मंडळाकडे द्यावे. आपल्या अंकाला दरवर्षी नातवंडांकडून मजकूर मिळत नाही ही तक्रार आहे. हा मजकूर ती आनंदाने लिहितील, कारण त्यांनी तो आधी हातांनी केलेला असेल.

खर्च फार नाही. तांदूळ, तीळ, तेल आणि एक सकाळ. पहिल्या वर्षासाठी माझ्या शेजारच्या घराने होकार दिला आहे, आणि दिवाळीसाठी आमचे स्वयंपाकघर मी देते. ज्यांना यायचे आहे त्यांनी सभा संपल्यावर कार्यवाहांकडे नावे द्यावीत.