काच अडकली अन् हळद भिजली

आमच्या गटाने कर्ज काढून जुनी चारचाकी घेतली. मागच्या मृगात तिच्यात वायगावची हळद भरून आम्ही नागपूरला निघालो. आपल्या समुद्रपूर तालुक्यातली ही हळद, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. बुटीबोरीजवळ पाऊस आला आणि मागची काच अर्ध्यावरच अडकली. बटण दाबून दाबून थकलो. खिडकीजवळची पाकिटं भिजली, तेवढी विक्री गेली.

एक मिस्त्री म्हणाला, मोटरच बदला. कर्जाचा हप्ता तोंडावर होता, म्हणून आम्ही दुसऱ्याला दाखवलं. मोटर चांगली होती. उन्हाळाभराची धूळ काचेच्या रबरात घट्ट बसली होती! तेव्हा आम्ही जे शिकलो, ते सांगतो.

काच अडकली की बटण सारखं दाबू नका. मोटर तापते आणि जळू नये म्हणून आपोआप बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग गाडी सुरू ठेवून एकीने बटण धरावं, दुसरीने दोन्ही तळवे काचेला लावून ती वर सरकवावी. बोटं वरच्या फटीत नकोत.

फक्त मागच्या काचा चालत नसतील, तर चालकाच्या दारावरचं लॉकचं बटण दाबलेलं आहे का ते आधी पाहा. सगळ्याच बंद असतील, तर फ्यूज तपासा. नवा फ्यूज त्याच आकड्याचा घ्या. तार गुंडाळून काम भागवू नका, आग लागते.

काच हळू चालते? रबराची खाच ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉन स्प्रे मारा. खायचं तेल किंवा ग्रीस नको. त्याला धूळ चिकटते, रबरही खराब होतं.

मोटरचा आवाज येतो, पण काच हलत नाही? मग आतली काच उचलणारी तार किंवा पट्टी तुटली असेल. ते काम मिस्त्रीचंच. आवाजच नसेल, तर चालकाकडच्या बटणाने पाहा. तिथून चालली, तर त्या दाराचं बटण खराब आहे.

आणि गाडीत लेकरं असली की लॉकचं बटण दाबूनच ठेवा. काचेत बोट किंवा मान अडकू शकते. उन्हात बंद गाडीत लेकराला एक मिनिटही एकटं सोडू नका.

आता आमच्या गटात दर महिन्याच्या बैठकीआधी दोघी जणी गाडीच्या काचा पुसतात. वहीत हिशोबाखाली त्याचीही नोंद होते. खर्च होतो एका फडक्याचा, आणि हळद कोरडी पोहोचते.