जुनी गाडी आणि तिचा ऑक्सिजन सेन्सर : बदलायचा केव्हा?

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान, थोडं आटोपशीर करून)



कालच्या सुगम संगीतानंतर आज सेन्सर म्हणजे श्रीखंडानंतर काढा, याची मला कल्पना आहे. पण विषय मी निवडलेला नाही, तुम्हीच आणलात. गेल्या वर्षभरात आपल्या झाशीतल्या मंडळींपैकी चौघा-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला : "गॅरेजवाला म्हणतो ऑक्सिजन सेन्सर गेला. बदलू का?" आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या आहेत. नोकरीत घेतलेली गाडी निवृत्तीनंतर सांगली-साताऱ्याला घेऊन जायची, हा अनेकांचा बेत आहे. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, मग पुढची पाच वर्षं. ती पाच वर्षं गाडी धड चालणार की नाही, हे बऱ्याच अंशी या अंगठ्याएवढ्या वस्तूवर आणि तिच्याबद्दल घेतलेल्या निर्णयावर ठरतं.

आधी ती करते काय ते पाहू. स्पार्क प्लगसारखी दिसणारी ही वस्तू एक्झॉस्टच्या पाइपात बसवलेली असते. आत झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची टोपी असते. तिच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनाचा धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक पडला की व्होल्टेज तयार होतं. धुरात ऑक्सिजन कमी, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, तर ०.९ व्होल्टच्या आसपास; ऑक्सिजन जास्त राहिला तर ०.१ च्या आसपास. गाडीचा कॉम्प्युटर हे वाचतो आणि पेट्रोल कमी-जास्त करतो. सिरॅमिक साधारण ३०० अंशांच्या पुढे तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून आत हीटर घातलेला असतो.

बॉशने हा सेन्सर १९७६ साली प्रथम बाजारात आणला आणि तो आधी व्होल्वोच्या गाड्यांत बसला. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आलं. शिसं हे कन्व्हर्टर आणि सेन्सर दोघांचं विष, म्हणून दोन्ही गोष्टी बरोबर आणाव्या लागल्या. बीएस-४ एप्रिल २०१० मध्ये आधी तेरा शहरांत लागू झालं. त्यात मुंबई, पुणे आणि आपलं सोलापूर होतं, झाशी नव्हतं. सगळ्या देशात ते २०१७ साली आलं. म्हणून इथे घेतलेली गाडी आणि भावाने पुण्यात त्याच वर्षी घेतलेली तीच गाडी, दोन्हींत सेन्सर सारखेच असतील असं धरू नका. बीएस-४ च्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत दोन असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी आणि एक नंतर. पुढचा पेट्रोलचा हिशोब सांभाळतो, मागचा मुख्यतः कन्व्हर्टरवर नजर ठेवतो. हा फरक लक्षात ठेवा, पैसे त्यावरच वाचतात.

आता बदलायचा केव्हा? पुस्तकी उत्तर किलोमीटरचं आहे. हीटर नसलेला जुन्या पद्धतीचा सेन्सर ५० ते ८० हजार किलोमीटर, हीटरवाला एक लाख ते एक लाख साठ हजार. आम्ही डिझेल शेडमध्ये वर्षानुवर्षं दोन्ही पद्धती पाहतो. काही भाग शेड्यूल आलं की बदलायचेच, चांगले असले तरी. पण इंजिनाच्या बेअरिंगसाठी आम्ही ल्यूब ऑइलचा नमुना लॅबोरेटरीत पाठवतो, त्यात तांबं-शिसं किती उतरलंय ते बघतो आणि मग ठरवतो. माझं मत विचाराल तर सेन्सर दुसऱ्या प्रकारात येतो. किलोमीटर पाहून संशय घ्यावा, निकाल मात्र तपासणीवर द्यावा.

आणि दिव्याचं काय? 'चेक इंजिन' लागला की गॅरेजवाला स्कॅनर लावतो, पडद्यावर सेन्सरचं नाव दिसतं आणि सेन्सर बदलला जातो. इथे मोठी गफलत होते. सेन्सर हा साक्षीदार आहे. साक्षीदाराने "चोरी झाली" म्हटलं म्हणून त्यालाच आत टाकण्यातला हा प्रकार! पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. सेन्सर बहुधा खरंच सांगत असतो, कुठेतरी हवेची गळती असेल किंवा फ्युएल पंप दमला असेल. पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही, असं मागच्या सेन्सरचं म्हणणं. तिथे मागचा सेन्सर बदलून फारसा उपयोग होत नाही. याउलट पी ०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट. फ्यूज आणि कनेक्टर पाहा, मग मल्टिमीटरने हीटर मोजा. थंड असताना काही ओहम रोध मिळायला हवा. काहीच मिळालं नाही तर तार तुटली, सेन्सर बदला, चर्चा नको. आणि पी ०१३३ म्हणजे सेन्सर मंद झाला. हा कोड खरोखर त्याच्याविषयीच बोलतो, तरी आधी एक्झॉस्टची गळती नाही ना, एवढं बघून घ्या.

आमच्या एका सहकाऱ्याची २०११ सालची गाडी, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. अ‍ॅव्हरेज सतरावरून तेरावर आलं, दिवा लागला, पी ०१७१. एका गॅरेजने दोन्ही सेन्सर बदलायला सांगितले. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक असा बारीक आवाज येत होता आणि गाडी तापली की जात होता. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलं होतं. धूर झटक्या-झटक्याने बाहेर पडतो, मधल्या क्षणाला त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी आहे, तो अजून ओततो. गॅस्केट बदललं, दिवा गेला, अ‍ॅव्हरेज पंधरावर आलं. मग ग्राफ पाहिला तर पुढचा सेन्सर खरोखरच म्हातारा झाला होता. तेवढा एक बदलला आणि अ‍ॅव्हरेज सोळाच्या वर गेलं. मागचा सेन्सर अजून तोच आहे. त्यांच्या नोंदणीची पंधरा वर्षं २०२६ मध्ये भरतात, म्हणून हे सगळं त्यांनी मनावर घेतलं.

हा ग्राफ घरी पाहता येतो. ओबीडीच्या सॉकेटमध्ये लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र हजार रुपयांच्या आत मिळतं, बाकीचं काम मोबाइल करतो. गाडी चांगली पंधरा-वीस मिनिटं चालवून तापवा. उभ्या गाडीत इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरा. पुढच्या सेन्सरची रेषा ०.१ आणि ०.९ च्या मध्ये झरझर वर-खाली व्हायला हवी, सेकंदाला साधारण एकदा तरी. रेषा आळसावलेली दिसली किंवा मध्येच ०.४ - ०.५ वर पडून राहिली तर शंका घ्या. मग एक व्हॅक्यूमची नळी क्षणभर काढा, व्होल्टेज लगेच ०.२ च्या खाली उतरलं पाहिजे. नळी लावून एकदम अ‍ॅक्सिलरेटर द्या, ०.८ च्या वर गेलं पाहिजे. दोन्हीकडे चटकन गेला तर सेन्सर निर्दोष, गुन्हेगार दुसरीकडे शोधा. मागच्या सेन्सरची रेषा मात्र ०.६ - ०.७ वर संथच हवी. तो नाचायला लागला तर कन्व्हर्टर संपत आलाय. काही नव्या गाड्यांत पुढे निराळ्या जातीचा, 'वाइडबँड' सेन्सर असतो, त्याला हे आकडे लावू नका.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दलही सांगायला हवं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुन्या गाडीचा कॉम्प्युटर सेन्सरच्या सांगण्यावरून जास्त पेट्रोल सोडून हे भरून काढतो, आणि स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम' सात-आठ टक्के वर दिसतो. हा सेन्सरचा दोष नव्हे. दहा टक्क्यांच्या पेट्रोलवरून वीसवर गेल्याने अ‍ॅव्हरेज तीन-चार टक्के उतरणं हेही स्वाभाविक आहे. सोळाचं साडेपंधरा झालं म्हणून सेन्सर बदलू नका.

मग माझा हिशोब असा. पुढचा हीटरवाला सेन्सर, सव्वा लाखाच्या पुढे किलोमीटर, अ‍ॅव्हरेज हळूहळू घसरतंय, टायरची हवा, एअर फिल्टर, प्लग, अडकलेले ब्रेक हे सगळं पाहून झालंय आणि ग्राफ मंद आहे, तर दिव्याची वाट न पाहता बदला. मंद सेन्सरला दिवा लागायला फार वेळ लागतो. तोवर जास्तीचं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून खराब होतो. सेन्सर गाडीप्रमाणे दोन हजारांपासून दहा हजारांच्या घरात जातो, कन्व्हर्टर त्याच्या कितीतरी पट. पीयूसीच्या जुन्या पावत्या फेकू नका. बीएस-४ पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. पास झाला म्हणून पावती खिशात टाकू नका, आकडा दर वेळी चढतोय का ते बघा. मागचा सेन्सर स्वतःहून मरेपर्यंत हात लावू नये. इंजिन ऑइल खात असेल किंवा कूलंट आत गळत असेल तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल. आणि वर्षभरात गाडी विकायचीच असेल, पीयूसी ठीक असेल, तर हा खर्च करू नका.

बसवताना गाडीच्या पार्ट नंबरचाच घ्या. तारा कापून जोडायचा 'युनिव्हर्सल' नको. दिल्लीला काश्मिरी गेटला स्वस्त मिळतो हे खरं, पण बिल आणि सीलबंद खोका असेल तरच. जुना काढताना पाइप कोमट असू द्या, आटे सुटे येतात. आट्यांना लावायची पेस्ट बहुतेक नव्या सेन्सरवर लावूनच येते, टोकाला तिचा किंवा सिलिकॉनचा थेंबही लागता कामा नये. पेट्रोलने किंवा अ‍ॅसिडने सेन्सर 'साफ करून देतो' म्हणणाऱ्याला हात जोडा.

माझं ब्लूटूथ यंत्र विसर्जनानंतर मंडळाच्या कपाटात ठेवणार आहे. ज्यांना हवं त्यांनी वहीत नाव लिहून न्यावं, आणि कोड दिसला तर पुसण्याआधी तो कागदावर उतरवून मला दाखवावा.