न थकणारा पहारेकरी

सकाळच्या गाडीसाठीं भाईंदर स्थानकावर उभ्या असलेल्या गर्दींत कोणी कोणाकडे निरखून पाहत नाहीं. अनोळखीपणा हाच तेथें सामान्य माणसाचा आडोसा असतो.

पाळत ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. दरोड्याच्या आरोपांतून पुराव्याअभावीं सुटलेल्या उत्तर प्रदेशांतील खरकसिंगाच्या दारावर पोलीस रात्रीं-अपरात्रीं थाप मारीत. १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या रात्रीच्या फेऱ्या घटनाबाह्य ठरविल्या. परंतु खासगीपणाचा मूलभूत हक्क मान्य होण्यास २४ ऑगस्ट २०१७ हा दिवस उजाडावा लागला. पुट्टस्वामी खटल्यांत नऊ न्यायमूर्तींनीं तो एकमतानें मान्य केला.

खरकसिंगाच्या दारींच्या शिपायास थंडी वाजे, झोंप येई. एका माणसामागें दुसरा माणूस खर्चीं पडे. ही अडचणच इतरांची ढाल होती! कृत्रिम बुद्धीच्या यंत्रानें ती हिरावली आहे. कॅमेऱ्यांत आलेल्या चेहऱ्याचे अंक करून तें साठविलेल्या चेहऱ्यांशीं ताडून पाहतें, आणि ‘बहुधा तोच’ एवढेंच सांगतें. पोलीस चौकीपर्यंत पोहोंचतां पोहोंचतां त्यांतील ‘बहुधा’ गळून पडण्याचा धोका मोठा.

मीरा-भाईंदर व वसई-विरार यांस २०२० सालीं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालें. पोलिसांच्या कामीं कृत्रिम बुद्धि आणण्यासाठीं राज्यानें २०२४ सालीं ‘मार्वल’ ही संस्था काढली. चोर सांपडावा, हें येथील रहिवाशांसही हवेंच आहे. मात्र २०२३ च्या विदासंरक्षण कायद्यानें सरकारी यंत्रणांस सूट देण्याची मुभा केंद्र सरकारकडे ठेविली. तेव्हां गाडीची वाट पाहणाऱ्याचा चेहरा किती दिवस साठवावा, आणि चूक झाल्यास त्यानें कोणाचें दार ठोठवावें, हें आधीं ठरावयास हवें.