जुन्या गाडीचे दिवे आणि समोरच्याचे डोळे



जुनी मोटार हौसेने सांभाळणाऱ्या माणसाला पहिल्याच रात्रीच्या प्रवासात कळतं, की गाडी कितीही देखणी असली तरी तिचा उजेड आजच्या रस्त्याला पुरत नाही. मग ती साठच्या दशकातली दोन दारांची उघडी स्पोर्ट्स कार असो, कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली फियाट असो, किंवा आपल्या बीड जिल्ह्यात अजूनही दिसणारी महिंद्राची जुनी जीप असो. दिवे पिवळट आणि मिणमिणते. गॅरेजवाला म्हणतो, एलईडी टाकू, दिवसासारखं दिसेल. मालकाच्या मनात दोन प्रश्न येतात. हे कायद्याला चालतं का? आणि पोलिसांनी अडवलं तर काय होईल? तिसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते कायद्याचं सगळं लक्ष त्याच तिसऱ्या प्रश्नाकडे आहे: समोरून येणाऱ्याला काय दिसेल?

आधी कायदा पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. उत्पादकाने दिलेला जो तपशील आरसी बुकात नोंदलेला असतो, त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही, असं ते सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे लावलं. गाडीची बांधणी मूळ नोंदीपेक्षा वेगळी करता येणार नाही, असा तो निकाल होता.

आता तुमचं आरसी बुक उघडून पाहा. चेसिस नंबर आहे, इंजिन नंबर आहे, रंग, इंधन, आसनं, वजन, सगळं आहे. हेडलाईटचा बल्ब कोणता, हे त्यात कुठेही नाही. त्यावरून अनेक जण समजतात, की दिव्यांच्या बाबतीत आपल्याला मोकळीक आहे. तशी ती नाही. दिव्यांचा हिशेब १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे, आणि तो फार विचारपूर्वक लिहिलेला आहे.

नियम १०५ म्हणतो, रात्री रस्त्यावरची माणसं आणि वाहनं १५५ मीटर अंतरावरून स्पष्ट दिसतील एवढा उजेड तुमच्या गाडीला हवाच. म्हणजे मिणमिणता दिवा घेऊन रात्री बाहेर पडणं हेही नियमाला धरून नाही. जुन्या गाडीवाल्याची उजेडाची मागणी इथे रास्त ठरते. लगेच पुढचा नियम, १०६, त्या उजेडाला लगाम घालतो. दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, अशा कोणाचेही डोळे त्या झोताने दिपता कामा नयेत. झोत एक तर कायमचा खाली वळलेला हवा, नाही तर चालकाला तो खाली करता आला पाहिजे. यालाच आपण डिपर म्हणतो.

८ मीटर, अर्धा मीटर, दीड मीटर. हे आकडे ऐकताना रस्ता डोळ्यांपुढे आणा. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून समोरचा येतो तो आपल्या उजव्या हाताने. आणि दीड मीटर ही साधारण उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. बल्ब कोणत्या कंपनीचा, जुना की नवा, हे या नियमाने विचारलेलंच नाही. त्याने रस्त्यावर एक माणूस उभा केला आहे, आणि त्याच्या डोळ्यांना त्रास होतो का, एवढंच तो विचारतो. इतका माणुसकीचा नियम मला या नियमावलीत क्वचितच दुसरा दिसतो.

आपल्या जिल्ह्यात तो माणूस कोण असतो? दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कोयता घेऊन जाणारी लाखो माणसं बीडची आणि आसपासच्या जिल्ह्यांची. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर संसार, लेकरं, सरपण. टायरगाड्यांना बैल. कारखाने सुरू झाले, की उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर. त्यातल्या कित्येकांच्या मागे ना लाल दिवा, ना रेडियमची पट्टी. कार्तिकात मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेसाठी दिंड्या पायी येतात. या सगळ्यांच्या मधून मोटारसायकलवाला ताशी ६० किलोमीटरने चाललेला असतो. समोरून पांढराशुभ्र झोत त्याच्या डोळ्यांवर आला, की काही सेकंद त्याला काहीच दिसत नाही. ६० च्या वेगाने एका सेकंदात तो जवळपास १७ मीटर पुढे जातो. त्या १७ मीटरमध्ये, झोताच्या मागच्या काळोखात, बिनदिव्याची ट्रॉली उभी असली तर? तिला मागे दिवा नाही हा दोष ट्रॉलीवाल्याचा, हे खरंच. पण ती दिसण्याची उरलीसुरली शक्यता ज्याने हिरावून घेतली, त्याचाही त्यात वाटा आहे. वय झालेल्या, मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाला हा त्रास आणखी जास्त होतो. घाटात तर वळणावळणाला झोत आडवा फिरतो. मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट रात्री उतरलेल्यांना हे मी सांगायला नको.

मग एलईडी बल्ब टाकला, की डोळे का दिपतात? नेहमीच्या हॅलोजन हेडलाईटमध्ये एच-४ नावाचा बल्ब असतो. अप्परला ६० वॉट, डिपरला ५५ वॉट. त्यात दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर उतरतो. रिफ्लेक्टर आणि काच या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेली असतात, मिलिमीटरच्या हिशेबाने. त्याच होल्डरमध्ये स्वस्तातला एलईडी बसवला, की उजेड निघण्याची जागा आणि आकार बदलतात. मग डिपरवरसुद्धा उजेड वर फेकला जातो. मालकाला वाटतं, काय लख्ख दिसतंय. जवळचा रस्ता लख्ख दिसतोही, पण १५५ मीटरवरचं काही उजळेलच असं नाही, आणि समोरच्याला मात्र पुढचं दिसेनासं होतं. आधी गॅरेजमध्ये लोकप्रिय झालेल्या एचआयडी प्रकारच्या बल्बांच्या जोडांचीही तीच गोष्ट. दोष एलईडीचा नाही. ज्या गाड्यांमध्ये कारखान्यातूनच एलईडी येतो, तिथे त्यासाठी वेगळं भिंग आणि वेगळा रिफ्लेक्टर असतो.

शिक्षेचं थोडक्यात सांगतो. २०१९च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल मालकाने केला, बाहेरून सुटा भाग बसवून केला तरीही, तर ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. बंपरवर आणि टपावर झोताचे दिवे लावणाऱ्या जीपवाल्यांनी नियम १११ लक्षात ठेवावा. गाडीच्या पुढे स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट लावायला मनाई आहे; लावता येतो तो फक्त अपवादात्मक परिस्थितीत, तेही नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन, म्हणजे आपल्याकडे बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या आरटीओ कार्यालयातून.

आता ज्याला खरोखर जुनी गाडी रात्री चालवायची आहे, त्याने काय करावं? माझं ठाम मत आहे, की बल्ब बदलण्याआधी वायरिंग पाहावं. जुन्या गाडीत हेडलाईटचा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डच्या बटणापर्यंत येतो, तिथून डिपर स्विचला जातो आणि मग दिव्यापर्यंत पोहोचतो. तारा पन्नास वर्षांच्या, जोड गंजलेले, अर्थिंग रंगाखाली दबलेलं. वाटेतच व्होल्टेज गळतो. बल्बला मिळणारा व्होल्टेज १० टक्के घटला, की उजेड सुमारे ३० टक्के घटतो. म्हणजे दिवा मंद असतो तो बहुतेक वेळा दिव्यामुळे नव्हे, तारेमुळे. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून दोन रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारे स्विच, बसवून घ्या, बॅटरीपासून जाड तार थेट दिव्यापर्यंत न्या, अर्थिंग घासून नवं करा. त्याच ५५ वॉटच्या बल्बचा उजेड पाहून तुम्ही थक्क व्हाल. यात झोताचा आकार बदलत नाही, म्हणून नियम १०६ला बाधा येत नाही. उलट १००/९० वॉटचा बल्ब टाकला, तर दोन दिवे मिळून अप्परवर जवळपास १७ अँपिअर ओढतात. जुना डायनॅमो तेवढा भार फार वेळ पेलत नाही, स्विच वितळतो, आणि उघड्या गाडीत आग लागायला वेळ लागत नाही. जुन्या विलीज जीपसारखी ६ व्होल्टची गाडी असेल, तर तेवढ्याच वॉटला करंट दुप्पट होतो, म्हणून तिथे आणखी जपावं.

एका बाबतीत मात्र हेडलाईट बदलणं हेच योग्य. परदेशातून, उजवीकडून वाहनं चालतात अशा देशातून आलेली गाडी. तिथल्या डिपरचा झोत उजवीकडे थोडा वर उचललेला असतो, कडेने चालणारा माणूस दिसावा म्हणून. तीच गाडी आपल्या रस्त्यावर आली, की तो उचललेला झोत नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. अशा वेळी बल्बाशी खेळत बसू नये. डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनवलेला, मान्यतेची खूण असलेला अख्खा हेडलाईट, काच आणि रिफ्लेक्टरसह, बदलावा. ७ इंची गोल दिवा अमेरिकेने १९४० पासून सक्तीचा केला, त्यामुळे जगभरच्या कित्येक गाड्यांना तेच माप बसतं, जीपला आणि अनेक ब्रिटिश स्पोर्ट्स कारना. शोधलं तर मिळतो. देखणेपणापेक्षा उजेड मोठा, हा विचार काही फक्त आपल्या नियमांचा नाही. जग्वारच्या ई-टाइप या सुंदर मोटारीच्या दिव्यांवर काचेची निमुळती झाकणं होती. अमेरिकेच्या नव्या सुरक्षा नियमांमुळे १९६८च्या सुमारास कंपनीने ती काढून टाकली. शौकीन आजही हळहळतात, पण त्या गाड्या रस्त्यावर राहिल्या.

ज्यांची गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आहे, त्यांच्यासाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी, नोंदणी १० वर्षांची, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. त्या यादीत हेडलाईटचा उल्लेख नाही, तरी मूळ रूप तपासताना दिवे नजरेआड होणार नाहीत, म्हणून मूळ दिवे फेकू नका. ही गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर येते.

बाकी खासगी गाडीची तपासणी पहिल्या १५ वर्षांनंतर, आणि मग दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवताना होते. मधल्या काळात तुमचा झोत कुठे पडतो हे तुम्हीच पाहायचं आहे, आणि ते घरच्या घरी पाहता येतं. संध्याकाळी सपाट जागेवर भिंतीपासून ८ मीटरवर गाडी उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर भरलेली, आणि गाडीत नेहमीएवढी माणसं बसलेली असू द्या. हेडलाईटच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ ओढा. डिपर लावा. झोताची वरची कड त्या रेघेच्या साधारण ८ सेंटिमीटर खाली हवी. वर असेल, तर दिव्याची रिंग काढा. जुन्या गाड्यांत खालवर करण्याचा स्क्रू रिंगेच्या आतच असतो. झोत खाली आला, की रिंग पुन्हा बसवून दुसऱ्या दिव्याचंही तसंच करा.